गोचिडीतून येणारे जिवाणू, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि रक्त गोठणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप, पुरळ, उतरलेल्या प्लेटलेट्स, सुजलेले हात-पाय आणि रिपोर्टमध्ये कमी आलेलं सोडियम. घरच्यांना ही पाच वेगवेगळी संकटं वाटतात आणि प्रत्येकावर वेगळं औषध शोधलं जातं. गोचिडीतून होणाऱ्या जिवाणूजन्य तापांत मात्र या पाचही गोष्टींचं मूळ बहुधा एकाच जागी सापडतं. ती जागा म्हणजे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. ते एकदा नीट समजलं, की रिपोर्ट वाचणं, उपचारांची घाई का करायची हे कळणं आणि कशाच्या मागे धावू नये हे ठरवणं बरंच सोपं होतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

गोचिडीतून नेमके कोणते जिवाणू माणसात येतात?

रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गट रिकेट्सियांचा. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर हा त्यातला सर्वांत घातक. तो रिकेट्सिया रिकेट्सी या जिवाणूमुळे होतो. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका आणि भारतात रिकेट्सिया कोनोराय व त्याचे उपप्रकार आढळतात. आफ्रिकन टिक बाइट फीव्हर हा त्यांच्यातला सौम्य भाऊ.

दुसरा गट एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाज्मा यांचा. हे पांढऱ्या पेशींमध्ये राहतात. तिसरा बोरेलियांचा : लाइम रोग आणि गोचिडीमुळे होणारा उलटणारा ताप, म्हणजेच रिलॅप्सिंग फीव्हर. तिन्ही गटांचा रक्तवाहिन्यांशी संबंध येतो, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. स्क्रब टायफसचं नाव याच यादीत ऐकू येतं. तो गोचिडीमुळे होत नाही, त्याहून बारीक अशा माइटच्या अळीमुळे होतो. मात्र त्याचाही जिवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो, म्हणून खाली लिहिलेलं बरंचसं त्यालाही लागू पडतं.

रक्तवाहिनीचं अस्तर म्हणजे काय? ते इतकं महत्त्वाचं का?

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीपासून सुईच्या टोकापेक्षाही बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक वाहिनीच्या आत चपट्या पेशींचा एक थर असतो. एकच थर, फरशीवर फरशी जोडावी तसा. त्याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिनीत या पेशीची जाडी बऱ्याच ठिकाणी एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी भरते. रक्त आणि बाकीचं शरीर यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा.

हा पडदा निर्जीव नळीसारखा नसतो. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं किती बाहेर जाऊ द्यायची हे तो ठरवतो. पांढऱ्या पेशींना कुठे थांबायचं याची खूण तोच करतो. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे आतून वाहणारं रक्त विनाकारण गोठू न देणं. त्यासाठी तो प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडत असतो, त्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बोमोड्युलिन असतं, ते गोठण्याच्या साखळीला लगाम घालतं. चुकून गोठलेल्या रक्ताची जाळी, म्हणजे फायब्रिन, तयार झालीच, तर ती विरघळवणारं टीपीए हे द्रव्यही याच पेशींकडून येतं. म्हणजे रक्त पातळ राखण्याचं काम चोवीस तास हे अस्तर करतं. ते आजारी पडलं तर काय होईल याचा अंदाज इथेच येतो.

रिकेट्सिया या अस्तरात शिरतो कसा?

गोचीड रक्त पिताना तिच्या लाळेतून जिवाणू त्वचेत उतरतो. रिकेट्सियाला पेशीच्या बाहेर वाढता येत नाही, त्याला घर लागतंच, आणि त्याला सर्वांत आवडतं घर म्हणजे एंडोथेलियमची पेशी. जिवाणूच्या अंगावर ओम्प-ए आणि ओम्प-बी नावाची प्रथिनं असतात. ती पेशीवरच्या खुणांना धरतात आणि पेशीकडूनच स्वतःला गिळवून घेतात. गिळलेल्या वस्तूला पेशी एका पिशवीत बंद करून पचवते. रिकेट्सिया ती पिशवी फोडून काही मिनिटांत पेशीच्या मोकळ्या द्रवात येतो, आणि तिथे त्याला अन्न आयतं मिळतं.

पुढचा भाग मला नेहमी थक्क करतो. पेशीचा सांगाडा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो. स्पॉटेड फीव्हर गटातले रिकेट्सिया हेच धागे आपल्या शेपटाकडे गोळा करतात आणि त्यांच्या रेट्यावर पुढे सरकतात, थेट शेजारच्या पेशीत. रक्तात उतरायची गरजच पडत नाही. शरीरातली प्रतिपिंडं रक्तात फिरत असतात आणि जिवाणू भिंतीच्या आतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहतो. टायफस गटातले (उवा-पिसवांतून येणारे) जिवाणू पेशी भरेपर्यंत वाढतात आणि ती फोडून बाहेर पडतात. स्पॉटेड फीव्हर गटातले मात्र पेशी न फोडता पसरतात.

हे कोडं उलगडायला बराच काळ लागला. १९०६ साली हॉवर्ड रिकेट्स यांनी अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात काम करताना हा ताप गोचिडीतून पसरतो हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९१० मध्ये मेक्सिको सिटीत टायफसचा अभ्यास करताना त्याच आजाराने त्यांचा जीव गेला. जिवाणूंच्या या गटाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. १९१९ मध्ये बर्ट वोलबाक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असतात आणि आजाराचं मूळ तिथेच आहे हे सविस्तर मांडलं. शंभर वर्षांनंतरही आजाराचं चित्र तेच आहे.

पेशीला इजा होते म्हणजे नेमकं काय होतं?

जिवाणू वाढतो तेव्हा पेशीच्या आत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं साचतात. ती पेशीच्या स्निग्ध आवरणाला आतून जाळतात. दुसरीकडे पेशी मदतीसाठी हाका मारते : दाह वाढवणारी रसायनं सोडते आणि पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे हुक पृष्ठभागावर काढते. जिवाणूचा एक डाव असा, की आजारी पेशी लवकर मरू नये याची तो काळजी घेतो. सहसा जंतू शिरलेली पेशी स्वतःला संपवते. इथे तो आदेश दाबून ठेवला जातो, म्हणजे घर टिकतं आणि जिवाणूला वाढायला वेळ मिळतो.

मग शेजारच्या दोन पेशींना जोडणारे सांधे सैल पडतात आणि वाहिनी गळू लागते. पाणी बाहेर, पाण्याबरोबर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बाहेर. माझ्या मते या आजारात लक्षात ठेवायची गोष्ट हीच : जीव धोक्यात येतो तो मुख्यतः या गळतीमुळे. चेहरा आणि हात-पाय सुजतात ते वरवर दिसतं. आतमध्ये रक्ताचं प्रमाण घटतं, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही. पाणी टिकवण्यासाठी शरीर एक संप्रेरक सोडतं, त्यामुळे पाणी राहतं पण सोडियम पातळ होऊन खाली येतं. फुप्फुसात गळती झाली तर हृदय ठणठणीत असूनही दम लागतो. मेंदूत झाली तर गुंगी, बरळणं, झटके.

रिपोर्टमधले ते विखुरलेले आकडे, कमी सोडियम, कमी अल्ब्युमिन, वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण), हे सगळं एकाच गळक्या भिंतीचं वर्णन असतं.

पुरळ कशामुळे उठतं?

त्वचेतल्या बारीक वाहिन्यांमध्ये जिथे जिवाणूंचा पुंजका असतो, तिथे एक ठिपका. सुरुवातीला वाहिनी नुसती फुगलेली असते, त्यामुळे ठिपका गुलाबी दिसतो आणि पारदर्शक काच दाबली की मावळतो. भिंत आणखी बिघडली की लाल पेशी बाहेर पडतात. मग ठिपका गडद होतो आणि काच दाबूनही जात नाही. ही साधी परीक्षा घरीही करता येते. मात्र न मावळणारा ठिपका दिसला म्हणजे आजार बराच पुढे गेलाय, थांबायला वेळ नाही.

रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरमध्ये पुरळ साधारणपणे ताप आल्यावर २ ते ४ दिवसांनी, मनगटं आणि घोट्यांपासून सुरू होतं; तळहात-तळपायांवर नंतर येतं. काही रुग्णांना ते येतच नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ते सहज नजरेतून सुटतं, म्हणून तळवे मुद्दाम उजेडात पाहावेत. पुरळ नाही म्हणून हा ताप नाही, असा निष्कर्ष काढणं धोक्याचं.

चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, ती काय असते?

जिवाणू जिथे उतरले तिथल्या बारीक वाहिन्या बंद पडून त्वचेचा छोटा तुकडा मेलेला असतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्षात येत नाही. केसांत, काखेत, जांघेत, कानामागे, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात शोधावी. रिकेट्सिया कोनोरायच्या तापात ती बऱ्याच जणांत सापडते, आफ्रिकन टिक बाइट फीव्हरमध्ये तर एकापेक्षा जास्त असू शकतात. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरमध्ये ती क्वचितच दिसते.

मग या तापात रक्त जास्त गोठतं की पातळ होतं?

सर्वांत जास्त गोंधळ या प्रश्नाभोवती आहे, कारण दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत.

अस्तर निरोगी असताना गोठण्याला आवर घालतं हे वर आलंच आहे. जिवाणू शिरल्यावर तीच पेशी उलट वागू लागते. तिच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर येतो, आणि गोठण्याची साखळी सुरू होण्याची ती पहिली कडी. पेशीच्या आत साठवून ठेवलेला व्हॉन विलेब्रांड फॅक्टर बाहेर पडतो, त्याला प्लेटलेट्स चिकटतात. फायब्रिनची जाळी विरघळवण्याच्या कामाला अडवणारं पीएआय-१ हे प्रथिन वाढतं. म्हणजे गोठवणाऱ्या गोष्टी वाढल्या आणि विरघळवणारी यंत्रणा मंदावली. रक्ताचा कल गोठण्याकडे झुकतो, इतकं पक्कं.

पण कल झुकला म्हणजे शरीरभर गुठळ्या झाल्या असं होत नाही. बहुतेक रुग्णांत वाहिनीच्या जखमी जागेवर प्लेटलेट्स आणि फायब्रिनचा छोटा लेप बसतो, वाहिनी पूर्ण बंद होत नाही. मी तर याला भिंतीची डागडुजी म्हणेन. फुटणारी भिंत सांधायला शरीर जे वापरतं तेच हे साहित्य. बोटं, कानाची पाळी, पायाची टोकं काळी पडणं हे तीव्र आजारात घडतं, आणि ते घडलं की फार वाईट असतं. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाल्याच्याही नोंदी आहेत. तरी रिकेट्सियाच्या तापात मृत्यूचं नेहमीचं कारण गुठळी नसतं. ते असतं फुप्फुस, मेंदू आणि मूत्रपिंडात झालेली गळती आणि त्यातून आलेला शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळणं.

रक्तस्राव होतो तो दोन कारणांनी. भिंत फाटलेली असते आणि ती सांधणाऱ्या प्लेटलेट्स खर्ची पडलेल्या असतात. एकाच रुग्णात, एकाच वेळी, एका जागी गोठणं आणि दुसऱ्या जागी पाझरणं चालू असतं. म्हणून ‘पातळ की घट्ट’ या एका तराजूत हा आजार बसत नाही.

प्लेटलेट्स कमी का होतात? त्या बनतच नाहीत का?

रिकेट्सियाच्या तापात त्या बनतात, पण वापरल्या जातात. हजारो बारीक जखमांवर त्या चिकटत जातात. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य साधारण ७ ते १० दिवसांचं. खर्च वाढला की अस्थिमज्जेला पुरवठा जमत नाही आणि आकडा उतरतो. अस्तर सावरलं की तो आपोआप वर येतो. आकड्यावर उपचार नसतो, अस्तरावर असतो. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत प्लेटलेट्स अगदी व्यवस्थित असू शकतात, हेही ध्यानात असू द्यावं.

डीआयसी म्हणजे काय? तो या आजारात होतोच का?

डीआयसीमध्ये गोठण्याची साखळी शरीरभर बेलगाम सुटते, गोठवणारे घटक आणि प्लेटलेट्स संपतात आणि शेवटी रुग्णाला जागोजागी रक्तस्राव होतो. गोचिडीच्या तापांत तो होऊ शकतो, पण नेहमीचा नाही. डी-डायमर वाढलेला दिसला की अनेकदा डीआयसीचं नाव घेतलं जातं. डी-डायमर म्हणजे विरघळलेल्या फायब्रिनचे तुकडे, आणि कोणत्याही तीव्र दाहात ते वाढतात. निदानासाठी प्लेटलेट्स, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या), फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन) हे सगळं एकत्र, आणि काही तासांच्या अंतराने पुन्हा बघावं लागतं.

फायब्रिनोजेनची एक खोच आहे. दाहात यकृत ते जास्त बनवतं. त्यामुळे या तापात ते वाढलेलं असायला हवं. ‘नॉर्मल’ आलं तर कदाचित ते खर्ची पडत असेल. एका आकड्यावर विसंबून राहू नये ते यासाठीच.

एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाज्मा अस्तरात राहत नाहीत, तरी प्लेटलेट्स का पडतात?

चांगला प्रश्न. एर्लिकिया शाफीन्सिस मोनोसाइट पेशींत राहतो, अ‍ॅनाप्लाज्मा फॅगोसायटोफिलम न्यूट्रोफिलमध्ये. दोन्ही तापांत प्लेटलेट्स, पांढऱ्या पेशी कमी आणि यकृताची एन्झाइम्स वाढलेली असं त्रिकूट वारंवार दिसतं. इथे मुख्य नुकसान शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून होतं. चवताळलेल्या भक्षक पेशी रक्तपेशींनाच गिळू लागतात, प्लीहेत प्लेटलेट्स अडकतात, आणि रक्तातली दाहक रसायनं दुरूनच अस्तराला बिथरवतात. या तापांत पुरळ फारसं दिसत नाही, कारण जिवाणूंचे पुंजके वाहिन्यांच्या भिंतीत नसतात. मोठ्यांमध्ये तर मुलांहून कमी.

एर्लिकियाच्या तीव्र आजारात ही भक्षक पेशींची मोहीम हाताबाहेर जाते. तिला एचएलएच म्हणतात. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) प्रचंड वाढतं, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घसरतात. तापाचं कारण हाती लागत नसताना असं चित्र दिसलं, तर गोचिडीचा विचार मनात यायलाच हवा.

लाइम रोगात रक्तवाहिन्यांना काय होतं?

बोरेलिया पेशीत घर करत नाही. तो मळसूत्रासारखा वळलेला असतो आणि अस्तरावर येऊन, तिथल्या फायब्रोनेक्टिनला धरत-सोडत, प्रवाहाविरुद्ध टिकून राहतो आणि मग वाहिनीतून बाहेर सांध्यांत, हृदयात, मज्जासंस्थेत शिरतो. रस्ता मोकळा करायला तो माणसाचंच हत्यार वापरतो : रक्तातलं प्लाझमिनोजेन अंगावर चिकटवून घेतो. हे द्रव्य मुळात फायब्रिन विरघळवण्यासाठी असतं.

म्हणजे लाइमच्या जिवाणूला अस्तर हा मुक्काम नसतो, तो एक दरवाजा असतो. म्हणूनच लाइममध्ये रक्तस्राव, मोठी गळती किंवा प्लेटलेट्स पडणं अपेक्षित नसतं. लाइमच्या रुग्णात प्लेटलेट्स कमी दिसल्या, तर त्याच गोचिडीतून अ‍ॅनाप्लाज्मा किंवा बॅबेसिया (लाल पेशींत राहणारा परजीवी) आला आहे का हे बघावं. एकच गोचीड दोन-तीन जंतू घेऊन येऊ शकते.

रिलॅप्सिंग फीव्हरची गोष्ट वेगळी. त्यातले बोरेलिया रक्तात प्रचंड संख्येने असतात, काही जाती लाल पेशींचे पुंजके करतात, प्लेटलेट्सना चिकटतात. त्यामुळे प्लेटलेट्स उतरतात, नाकातून रक्त येतं, त्वचेवर ठिपके दिसतात.

गोचिडीची लाळच रक्त पातळ करते म्हणतात. खरं का?

खरं, पण तेवढ्या जागेपुरतं. कठीण पाठीची गोचीड काही दिवस एकाच ठिकाणी रक्त पिते. तेवढा वेळ रक्त गोठू नये म्हणून तिच्या लाळेत प्लेटलेट्सना रोखणारं अ‍ॅपायरेज, टिश्यू फॅक्टरची वाट अडवणारं इक्सोलॅरिस अशी द्रव्यं असतात. भूल दिल्यासारखी वेदनाही कमी होते, म्हणून चावा कळत नाही. जिवाणूंना उतरायला याचा फायदा होतो. पण एका गोचिडीच्या लाळेने माणसाचं सगळं रक्त पातळ होत नाही, आणि अंगभर दिसणाऱ्या रक्तस्रावाचं कारण ती नसते.

रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली. म्हणजे रिकेट्सिया नाही, असंच ना?

नाही. पीसीआर नमुन्यातला जिवाणूचा डीएनए शोधते; पण जिवाणू भिंतीत आहे, रक्तात अगदी थोडा. आजार फार पुढे गेल्याखेरीज रक्ताच्या नमुन्यात तो सापडणं कठीण. काळ्या खपलीचा स्वॅब किंवा पुरळाच्या जागेचा त्वचेचा तुकडा तपासला तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त. एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाज्मा रक्तपेशींतच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रक्ताची पीसीआर सुरुवातीच्या दिवसांत चांगली चालते.

प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा निगेटिव्हच येते. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसली तर निदान पक्कं होतं, पण तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा हाताबाहेर गेलेला. वेल-फेलिक्स ही जुनी चाचणी स्वस्त आहे, मात्र ती निगेटिव्ह आल्याने काहीच सिद्ध होत नाही. उपचार संशयावर सुरू करायचे, रिपोर्टची वाट पाहायची नाही.

हे डेंग्यूसारखंच वाटतं. फरक कसा करायचा?

साम्य खरंच आहे, कारण डेंग्यूतही अस्तर गळतं आणि प्लेटलेट्स पडतात. नुसत्या आकड्यांवरून फरक करता येत नाही. काळी खपली, तळहात-तळपायांवरचं पुरळ, जनावरांशी किंवा गवताळ भागाशी आलेला संपर्क, सात दिवसांपलीकडे रेंगाळणारा ताप या गोष्टी गोचिडीच्या बाजूने झुकतात. डेंग्यूवर अँटिबायोटिक चालत नाही, रिकेट्सियावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत दिलं तर चांगलं चालतं. म्हणून शंका असेल तर डॉक्टर डेंग्यूची तपासणी चालू ठेवूनही डॉक्सिसायक्लिन देतात. हा निर्णय मला पूर्ण पटतो. चुकून दिलेल्या चार गोळ्यांची किंमत, न दिलेल्या गोळ्यांच्या किमतीपुढे काहीच नाही.

उपचार काय आहे?

डॉक्सिसायक्लिन. प्रौढांना १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण ५ ते ७ दिवस आणि ताप उतरल्यावर किमान ३ दिवस. ते जिवाणूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं आणि पेशीच्या आत पोचतं. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं इथे उपयोगी पडत नाहीत. सल्फा गटाची औषधं तर रिकेट्सियाचा आजार वाढवू शकतात.

पहिल्या चार-पाच दिवसांत औषध मिळालं तर ताप बहुधा २४ ते ७२ तासांत उतरतो. पाचव्या दिवसानंतर सुरू केलं तर मृत्यूचा धोका स्पष्ट वाढतो. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरमध्ये उपचार न झालेल्यांपैकी २० टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. औषध जिवाणूला थांबवतं, फाटलेली भिंत त्याच क्षणी सांधत नाही. म्हणून औषध सुरू झाल्यावरही एखादा दिवस सूज किंवा प्लेटलेट्स आणखी बिघडल्या तर गोळी निकामी आहे असं समजू नये.

गोळी भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यावी. आडवं झाल्यावर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन दिलं तर दात पिवळे पडतात ना?

ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे रुजली. या तापासाठी लागणाऱ्या थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने दातांवर डाग पडत नाहीत असं मुलांच्या दातांची तपासणी करून पाहिलेलं आहे. या भीतीपायी मुलांचे उपचार लांबतात आणि त्यांचे मृत्यू ओढवतात, हे मनाला फार लागतं. गरोदरपणात मात्र फायदा-तोटा तोलून डॉक्टरांनीच ठरवावं. सौम्य प्रकारात अझिथ्रोमायसिनसारखा पर्याय असतो.

प्लेटलेट्स चढवाव्यात का?

रक्तस्राव नसेल तर आकडा १० हजारांच्या आसपास येईपर्यंत सहसा नाही. रक्तस्राव चालू असेल तर डॉक्टर तो ५० हजारांच्या वर राखायचा प्रयत्न करतात. जिवाणू जिवंत असताना चढवलेल्या प्लेटलेट्स त्याच जखमांवर खर्च होतात. तापासाठी पॅरासिटामोल घ्यावं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावं, कारण उरल्यासुरल्या प्लेटलेट्सनाही ती कामातून काढतात.

रक्त गोठण्याकडे झुकतं, तर हेपारिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

स्वतःहून मुळीच नाही. ज्याच्या भिंती गळतायत आणि प्लेटलेट्स कमी आहेत त्याला हे औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकतं. खरोखर शिरेत गुठळी सापडली तर तिचे उपचार वेगळे, आणि ते रुग्णालयात देखरेखीखाली होतात.

काही जण गोचिडीच्या आजारानंतर महिनोन्महिने थकवा राहतो म्हणून ‘रक्त घट्ट झालंय’ असं सांगून हेपारिन किंवा फायब्रिन विरघळवणारी पूरकं देतात. अशा थकव्याचा त्रास खरा असतो, रुग्णाचं दुःखही खरं असतं. पण या उपायाने तो जातो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र पक्का आहे.

रक्तदाब उतरला तर सलाइन भरपूर द्यावं ना?

इथे हात जपून चालवावा लागतो. कमी दिलं तर मूत्रपिंड थांबतं, जास्त दिलं तर तेच पाणी गळक्या वाहिन्यांतून फुप्फुसात उतरतं. थोडं द्यायचं, तपासायचं, मग पुढचं. गरज पडली तर रक्तदाब धरणारी औषधं लवकर सुरू करायची. हे घरी किंवा छोट्या खोलीत करायचं काम नाही.

कोणाला धोका जास्त?

वयस्कर माणसं, लहान मुलं, मधुमेही, प्रतिकारशक्ती कमी असलेले. ज्यांच्यात जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांना रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर झाला तर तो काही दिवसांतच जीव घेऊ शकतो. पण सगळ्यांत मोठा धोका उशिराचा आहे, आणि तो धडधाकट तरुणालाही सोडत नाही.

बरं झाल्यावर अस्तर पूर्ववत होतं का?

बहुतेकांचं होतं. शेवटी जिवाणूला संपवतात त्या टी पेशी. त्यांच्या इशाऱ्यावर आजारी पेशी स्वतःच नायट्रिक ऑक्साइड बनवून आतल्या जिवाणूला मारते. उरलेल्या पेशी विभागून भिंत भरून काढतात. सोडियम आणि प्लेटलेट्स काही दिवसांत जागेवर येतात, सूज त्यामानाने हळू. जिथे ऊतीच मेल्या तिथे मात्र नुकसान कायमचं राहतं : बोट काढावं लागणं, बहिरेपणा, चालताना तोल जाणं, लक्ष न लागणं. तीव्र आजारातून उठलेल्यांची ऐकण्याची आणि चालण्याची तपासणी नंतरही करावी.

लगेच रुग्णालय गाठावं अशी लक्षणं कोणती?

बरळणं किंवा जास्त झोप, दम लागणं, लघवी कमी होणं, काचेखाली न मावळणारे ठिपके, बोटं निळी-काळी पडणं, सतत उलट्या, तीव्र पोटदुखी. पोटदुखीला अ‍ॅपेंडिक्स समजून शस्त्रक्रियेची तयारी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय लेखनात आहेत. ताप आधी आला की पोट आधी दुखलं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अंगावर गोचीड सापडली. ती कशी काढू, आणि लगेच गोळी घेऊ का?

बारीक टोकाच्या चिमट्याने, त्वचेला अगदी लागून पकडावी आणि सरळ वर ओढावी. पिळू नये, जाळू नये, तेल-रॉकेल लावू नये, बोटांनी चिरडू नये. जागा साबणाने धुवावी. रिकेट्सिया उतरायला काही तास पुरतात, लाइमच्या जिवाणूला सहसा एक दिवसाहून जास्त लागतो, म्हणून दिसली की लगेच काढलेली बरी.

रिकेट्सियाच्या तापासाठी आधीच गोळी घेऊन उपयोग नाही. लाइमच्या ठरावीक प्रदेशांत, ठरावीक जातीची गोचीड बराच वेळ चिकटून राहिली असेल, तर ७२ तासांच्या आत एक मात्रा दिली जाते, तीही डॉक्टरांनी ठरवून. बाकीच्यांनी तारीख लिहून ठेवावी आणि पुढचे दोन-तीन आठवडे तापावर लक्ष ठेवावं. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पहिलं वाक्य हेच बोलावं : मला अमुक तारखेला गोचीड चावली होती.